ध्वनिमुद्रिका संस्था, स्वतंत्र

बड्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या मालकीबाहेर राहून संगीताचे ध्वनिमुद्रण, प्रकाशन व विक्री करणाऱ्या संस्था. अशा संस्था बहुधा लहान भांडवलावर, एखाद्या शहराच्या किंवा एखाद्या संगीतप्रकाराच्या आश्रयाने उभ्या राहतात. ‘स्वतंत्र’ या विशेषणाचा अर्थ सर्वत्र एकच नाही. अमेरिकेत मालकी हा निकष प्रमुख मानला जातो. ब्रिटनमध्ये १९८० साली स्वतंत्र संस्थांच्या ध्वनिमुद्रिकांची खपाची वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून विक्री होणे हा निकष ठरविण्यात आला. बड्या कंपन्यांची संख्या विलीनीकरणामुळे घटत गेली असून २०१२ मध्ये ईएमआय कंपनीचे विभाजन झाल्यापासून युनिव्हर्सल, सोनी व वॉर्नर या तीनच कंपन्या त्या वर्गात उरल्या आहेत.

स्वतंत्र संस्थांचे सांगीतिक कार्य सर्वज्ञात आहे. जॅझ, ब्लूज, रॉक अँड रोल, पंक इ. प्रकारांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका मुख्यतः त्यांनीच काढल्या. कलावंताशी करावयाच्या कराराचे निराळे नमुने त्यांनी रूढ केले, हे त्यांचे दुसरे कार्य होय. तथापि संस्था लहान व स्वतंत्र आहे एवढ्यानेच कलावंताचे हित साधते असे नाही. मूळ मुद्रणाची मालकी कोणाची, जमाखर्चाची रीत कोणती आणि वितरण कोणाच्या हाती, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते, असे या संस्थांच्या इतिहासावरून दिसून येते.

बड्या कंपन्यांच्या कराराचे स्वरूप : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या करारानुसार कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते व ध्वनिमुद्रणाचा खर्च करते. विक्रीवर कलावंताला ठराविक टक्के स्वामित्वशुल्क म्हणजे रॉयल्टी मिळते. मात्र आगाऊ रक्कम व ध्वनिमुद्रणाचा खर्च यांची त्या शुल्कातून पूर्ण फेड होईपर्यंत प्रत्यक्षात त्याच्या हाती काही पडत नाही. एका ध्वनिमुद्रिकेवरील तूट दुसरीच्या उत्पन्नातून वळती करून घेण्याचीही तरतूद असते. पुढील ध्वनिमुद्रिका काढावयाच्या की नाही हे ठरविण्याचा विकल्प कंपनीकडे असतो. कलावंत मात्र बांधलेला राहतो. लाखेच्या तबकड्या वाहतुकीत फुटत, म्हणून विक्रीच्या ९० टक्के प्रतींवरच शुल्क देण्याची प्रथा पडली होती. न फुटणाऱ्या तबकड्या आल्यावरही ती अनेक करारांत दीर्घकाळ टिकून राहिली. सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे, खर्चाची फेड कलावंताच्या वाट्यातून झाली, तरी मूळ मुद्रण कंपनीच्याच मालकीचे राहते.

समभाग पद्धतीशी तुलना केली असता हा फरक स्पष्ट होतो. समजा, एका ध्वनिमुद्रिकेच्या ध्वनिमुद्रणास २०,००० व प्रसिद्धीस १२,००० रुपये खर्च आला. प्रत्येक प्रतीमागे संस्थेला ५ रुपये मिळतात व प्रत तयार करण्यास १ रुपया लागतो. कलावंताचे स्वामित्वशुल्क प्रतीमागे १ रुपया असल्यास २०,००० प्रती खपेपर्यंत ते ध्वनिमुद्रणाच्या खर्चापोटीच जमा होते व त्याला काहीच मिळत नाही. त्याच वेळी कंपनीकडे सर्व खर्च वजा जाता ४८,००० रुपये उरलेले असतात. समभाग पद्धतीत सर्व खर्च एकूण उत्पन्नातून प्रथम वजा होतो. ८,००० प्रतींनंतर नफा सुरू होतो आणि २०,००० प्रतींच्या विक्रीवर दोन्ही पक्षांना प्रत्येकी २४,००० रुपये मिळतात. उलटपक्षी, या पद्धतीत आगाऊ रक्कम अल्प असते किंवा नसतेच. त्यामुळे ध्वनिमुद्रिका न खपल्यास कलावंताचे श्रम वाया जातात. बड्या कंपनीची आगाऊ रक्कम सहसा परत करावी लागत नाही, हा तिच्या करारातील मोठा आधार होय.

प्रारंभीचा काळ : विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्यांचे वर्चस्व मुख्यत्वे एकस्वांवर आधारलेले होते. इंडियाना राज्यातील रिचमंड येथील स्टार पियानो कंपनीने ‘जेनेट’ या नावाने ध्वनिमुद्रिका काढण्यास सुरुवात केली, तेव्हा व्हिक्टर कंपनीने तिच्यावर दावा लावला. १९२१–२२ मधील निकालांनी व्हिक्टरचे संबंधित एकस्व ग्राह्य धरले नाही व लहान उत्पादकांना वाट मोकळी झाली. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हर यांच्या जॅझ वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण जेनेटनेच केले. त्यापूर्वी १९२१ मध्ये हॅरी पेस यांनी न्यूयॉर्क येथे कृष्णवर्णीयांच्या मालकीची ‘ब्लॅक स्वान’ ही संस्था स्थापन केली. एथेल वॉटर्स या गायिकेच्या ध्वनिमुद्रिकांनी तिला यश मिळाले. परंतु स्पर्धेपुढे ती टिकली नाही व १९२४ मध्ये तिचा संग्रह पॅरामाउंट या संस्थेकडे गेला. १९२९ नंतरच्या आर्थिक मंदीत बहुतेक लहान संस्था बुडाल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिस्थिती पालटली. तबकड्यांसाठी लागणारी लाख मोठ्या प्रमाणावर भारतातून येत असे. १९४२ मध्ये अमेरिकी शासनाने तिच्या वापरावर कडक निर्बंध घातले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. प्रत्येक ध्वनिमुद्रिकेमागे बेकार वादकांच्या निधीला रक्कम द्यावी, ही तिची मागणी होती. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये, तर व्हिक्टर व कोलंबिया यांनी १९४४ च्या अखेरीस ती मान्य केली. बड्या कंपन्यांनी आपले लक्ष सर्वाधिक खपाच्या संगीतावर एकवटल्यामुळे कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज व ग्रामीण गोऱ्यांचे संगीत यांची बाजारपेठ मोकळी राहिली. सिनसिनाटीची किंग (१९४३), न्यूयॉर्कची अटलांटिक (१९४७), शिकागोची चेस (१९५०) व मेम्फिसची सन (१९५२) या संस्था त्या पोकळीत वाढल्या.

या संस्थांनी कलावंतांना संधी दिली. अधिक न्याय्य करार मात्र क्वचितच दिला. स्वामित्वशुल्काचे दर कमी असत, हिशेब अनियमित असत आणि पुष्कळदा गीतांचे प्रकाशनहक्कही संस्थेच्या मालकाकडे जात. अटलांटिकच्या आरंभीच्या यशात रूथ ब्राउन या गायिकेचा मोठा वाटा होता. तरीही जुन्या खर्चांची बाकी दाखविली गेल्याने तिला अनेक वर्षे स्वामित्वशुल्क मिळाले नाही. तिने दिलेल्या दीर्घ लढ्यानंतर १९८८ मध्ये अटलांटिकने तिच्यासह अनेक कलावंतांची बाकी रद्द केली आणि वृद्ध कलावंतांच्या साहाय्यासाठी स्थापन झालेल्या ऱ्हिदम अँड ब्लूज प्रतिष्ठानास निधी दिला. भांडवलाची चणचण हीदेखील या संस्थांची मर्यादा होती. सन संस्थेच्या सॅम फिलिप्स यांना एल्व्हिस प्रेस्लीचा करार नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीस ३५,००० डॉलरना विकावा लागला.

संस्थाही कराराच्या कचाट्यात कशा सापडत, याचे ठळक उदाहरण म्हणजे मेम्फिसची स्टॅक्स ही संस्था होय. १९६५ मध्ये तिने अटलांटिकशी वितरणाचा लेखी करार केला. १९६७ मध्ये अटलांटिक कंपनी वॉर्नर ब्रदर्स–सेव्हन आर्ट्स या कंपनीस विकली गेली. स्टॅक्सने वेगळे होण्याचा विचार केला, तेव्हा वितरित केलेल्या ध्वनिमुद्रिकांची मूळ मुद्रणे करारातील एका कलमानुसार अटलांटिकच्या मालकीची झाल्याचे निदर्शनास आले. ओटिस रेडिंगच्या गाण्यांसह आपला जुना ठेवा गमावून स्टॅक्सला १९६८ मध्ये जवळजवळ नव्याने आरंभ करावा लागला.

कलावंतांच्या मालकीच्या संस्था : मूळ मुद्रणाची मालकी आपल्याकडे राहावी, या जाणिवेतून काही संगीतकारांनी स्वतःच संस्था काढल्या. जॅझवादक चार्ल्स मिंगस व मॅक्स रोच यांनी १९५२ मध्ये ‘डेब्यू’ ही संस्था स्थापन केली. टोराँटोच्या मॅसी हॉलमध्ये १९५३ साली झालेल्या, चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी यांचा सहभाग असलेल्या प्रसिद्ध मैफलीचे ध्वनिमुद्रण तिनेच प्रकाशित केले. सॅम कुक या गायकाने १९६१ च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांसह ‘सार’ ही संस्था चालविली. १९७१ मध्ये चार्ल्स टॉलिव्हर व स्टॅनली काउएल यांनी न्यूयॉर्क येथे सुरू केलेल्या ‘स्ट्राटा-ईस्ट’ या संस्थेत ध्वनिमुद्रणाची मालकी कलावंताकडेच ठेवली जाई. संस्था प्रकाशन व वितरणाचे काम करी. या संस्थांचा मोबदला तात्त्विक दृष्ट्या न्याय्य होता, तथापि देशभर वितरण करण्याची शक्ती त्यांच्याकडे नव्हती. दुकानदारांकडून वसुली करणे हेही त्यांना जड जाई.

मोझेस ऍश यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या ‘फोकवेज’ या संस्थेचे धोरण वेगळ्या प्रकारचे होते. खप कितीही अल्प असला, तरी कोणतीही ध्वनिमुद्रिका सूचीतून काढावयाची नाही, असा तिचा नियम होता. १९८७ मध्ये स्मिथ्सोनियन संस्थेने हा सु. २,२०० ध्वनिमुद्रिकांचा संग्रह घेतला, तेव्हाही सर्व ध्वनिमुद्रिका कायम उपलब्ध ठेवण्याची अट पाळण्यात आली. बड्या कंपनीच्या करारात मुद्रण न विकता पडून राहिले, तरी कलावंताला ते परत मिळत नसे. ही पार्श्वभूमी लक्षात घेता फोकवेजच्या धोरणाचे महत्त्व ध्यानात येते.

ब्रिटनमधील चळवळ : १९७७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पंक संगीताबरोबर स्वतंत्र संस्थांची लाट आली. मँचेस्टरच्या बझकॉक्स या समूहाने सु. ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची ध्वनिमुद्रिका स्वतःच्या ‘न्यू हॉर्मोन्स’ या नावाने काढली. तिच्या पहिल्या १,००० प्रती लवकरच संपल्या व पुढे खप कित्येक पटींनी वाढला. स्क्रिटी पोलिटी या समूहाने १९७८ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रण, तबकड्या काढणे, छपाई इत्यादींच्या खर्चाचा तपशीलच छापला. ध्वनिमुद्रिका काढणे हे कंपन्यांचे गूढ शास्त्र नसून थोड्या पैशांत कोणालाही जमणारे काम आहे, हा विचार त्यामुळे पसरला.

जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये पश्चिम लंडनमध्ये ‘रफ ट्रेड’ हे दुकान उघडले. १९७८ मध्ये त्याच नावाची ध्वनिमुद्रिका संस्था सुरू झाली. खर्च वजा जाता नफ्याची निम्मी विभागणी हा तिचा नियम अनेकांनी स्वीकारला. डॅनियल मिलर यांच्या ‘म्यूट’ संस्थेने (१९७८) डेपेश मोड या जगप्रसिद्ध समूहाशी दीर्घकाळ केवळ तोंडी वचनावर व्यवहार केला. मँचेस्टर येथील ‘फॅक्टरी’ संस्थेने (१९७८) तर सर्व मालकी संगीतकारांचीच राहील व त्यांना हवे तेव्हा सोडून जाता येईल, असे लेखी मान्य केले होते. १९९२ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली, तेव्हा लंडन रेकॉर्ड्स ही कंपनी ती विकत घेण्यास उत्सुक होती. परंतु न्यू ऑर्डर या समूहाच्या मुद्रणांवर फॅक्टरीचा हक्क नसल्याचे आढळून आले. अशा रीतीने संस्था बुडाली, तरी कलावंतांची मालमत्ता वाचली; ज्या अटीमुळे संस्थेला विकण्याजोगे फारसे काही उरले नाही, तीच अट कलावंतांना तारक ठरली.

वितरणाचा प्रश्न सोडविण्यासाठी रफ ट्रेडच्या पुढाकाराने ब्रिस्टल, यॉर्क, लिव्हरपूल, नॉरिच, एडिंबरो इ. ठिकाणच्या दुकानदार-वितरकांनी ‘द कार्टेल’ हे जाळे उभारले. त्यामुळे लंडनबाहेरच्या समूहांनाही बड्या कंपनीशी करार न करता देशभर विक्री करणे शक्य झाले. द स्मिथ्स (१९८३ पासून रफ ट्रेडकडे) या समूहाचे यश याच व्यवस्थेचे फलित होय. मात्र वाढत्या विक्रीबरोबर उधारी व प्रशासनाचा बोजा वाढत गेला. १९८८ मध्ये यॉर्कची रेड ऱ्हिनो ही सदस्य संस्था बंद पडली आणि १९९१ मध्ये रफ ट्रेडचे वितरण कोसळले. आपल्या प्रती व येणे त्याच्याकडे अडकल्याने अनेक लहान संस्थांना फटका बसला.

अमेरिकेतील पुढील घडामोडी : वॉशिंग्टन येथील ‘डिस्कॉर्ड’ (१९८०) या इयन मॅकाय व जेफ नेल्सन यांच्या संस्थेने स्थानिक समूहांपुरतेच कार्य मर्यादित ठेवले. ती लेखी करार करीत नाही. खर्च निघाल्यावर नफा वाटून घेतला जातो. शिकागोच्या ‘टच अँड गो’ या संस्थेनेही निम्म्या वाटणीच्या तोंडी करारावर काम केले. तथापि तोंडी व्यवहारात मुदत निश्चित नसते. बटहोल सर्फर्स या समूहाने आपली मुद्रणे परत मागितली, तेव्हा १९९९ मध्ये सातव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने अनिश्चित मुदतीचा असा करार कोणत्याही पक्षास संपविता येतो, असा निर्णय दिला. हा निकाल कलावंताच्या बाजूने लागला असला, तरी परस्परविश्वासावर चालणाऱ्या संस्थांना त्याने धक्का दिला. कारण ज्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नावर नव्यांचा खर्च भागे, त्या केव्हाही काढून घेतल्या जाऊ शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. तेव्हापासून लेखी, परंतु अल्प मुदतीच्या करारांकडे कल वाढला. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी १९९३ मध्ये ‘द बॅफलर’ या नियतकालिकातील लेखात बड्या कंपनीकडे जाणाऱ्या एका कल्पित समूहाचा जमाखर्च मांडला. लाखो प्रती खपूनही सदस्यांच्या हाती अत्यल्प रक्कम उरते, हे त्याने दाखविले.

भारत : भारतात ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीने केली. १९०८ मध्ये तिचा कलकत्ता येथील कारखाना सुरू झाला. पुढे तो डमडम येथे हलविण्यात आला. १९३२ मध्ये कलकत्त्यात चंडीचरण साहा यांची ‘हिंदुस्थान’ व जे. एन. घोष यांची ‘मेगाफोन’ या देशी संस्था निघाल्या. रवींद्रनाथ टागोर व कुंदनलाल सैगल यांची ध्वनिमुद्रणे हिंदुस्थानने केली. तबकड्या काढण्यासाठी मात्र अशा संस्थांना ग्रामोफोन कंपनीच्याच कारखान्यावर विसंबावे लागे. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ च्या सुमारास ‘यंग इंडिया’ या नावाने ध्वनिमुद्रिका काढल्या. वडाळा येथे तिचा स्वतःचा कारखाना होता व त्यामुळे तिला खरे स्वातंत्र्य लाभले. नवोदित व हौशी कलावंतांनाही तिने संधी दिली, सु. दोन दशकांनी ती बंद पडली.

भारतात मोबदल्याचा प्रश्न चित्रपटसंगीतात तीव्रतेने पुढे आला. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना विक्रीवर स्वामित्वशुल्क मिळावे, असा आग्रह धरला. मानधन मिळाल्यावर गायकाचा हक्क उरत नाही, असे महंमद रफी यांचे मत होते. या मतभेदामुळे काही वर्षे दोघांनी एकत्र गायन केले नाही. १९८०च्या दशकात ध्वनिफितींच्या प्रसारामुळे ग्रामोफोन कंपनीची दीर्घकालीन मक्तेदारी मोडली. भांडवल कमी लागत असल्याने भजने, लोकगीते, कथाकथन व शास्त्रीय संगीत यांच्या ध्वनिफिती काढणाऱ्या प्रादेशिक संस्था ठिकठिकाणी निघाल्या. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती काढल्या. मात्र या संस्थांपैकी पुष्कळांत कलावंताला एकरकमी मानधन देऊन सर्व हक्क घेण्याचीच रीत होती. त्यामुळे संधी वाढली, तरी करार बदलला नाही. बदल मुख्यतः कायद्याने घडविला. प्रतिलिप्यधिकार अधिनियमाच्या २०१२ मधील दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वशुल्काचा आपला हक्क, काही अपवाद वगळता, करारानेही सोडून देता येत नाही; व्यापारी वापराबद्दल स्वामित्वशुल्काचा हक्क गायक-वादकांनाही देण्यात आला.

अंकीय युग : संगणकीय जाळ्यावरून संगीत पुरविले जाऊ लागल्यावर तबकड्यांचे उत्पादन व गोदामे यांचे महत्त्व घटले. सीडी बेबी (१९९८), बँडकॅम्प (२००८) यांसारख्या सेवांमुळे कलावंत मालकी स्वतःकडे ठेवून थेट विक्री करू लागले. प्रवाही संगीतसेवांशी वाटाघाटी करताना लहान संस्था एकएकट्या दुर्बल ठरत. म्हणून २००८ पासून ‘मर्लिन’ ही संघटना त्यांच्या वतीने सामुदायिक परवाने मिळवू लागली. २००६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र संस्थांच्या जागतिक महासंघाने २०१४ मध्ये अंकीय उत्पन्नाचा न्याय्य वाटा कलावंतांना देण्याविषयीचे घोषणापत्र प्रसृत केले. दुसरीकडे द ऑर्चर्ड व एवॉल या वितरणसेवा सोनी कंपनीने अनुक्रमे २०१५ व २०२१ मध्ये आपल्याकडे घेतल्या. रफ ट्रेडच्या काळातील वितरणाचा प्रश्न अशा रीतीने नव्या स्वरूपात पुन्हा उभा राहिला आहे.

टेलर स्विफ्ट या गायिकेचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. तिच्या पहिल्या सहा संग्रहांची मालकी नॅशव्हिलच्या बिग मशीन या स्वतंत्र संस्थेकडे होती. २०१९ मध्ये ती संस्था, गायिकेचा विरोध असतानाही, विकली गेली. करारातील मुदत संपल्यावर तिने २०२१ पासून त्यांपैकी चार संग्रह नव्याने गाऊन प्रसिद्ध केले आणि २०२५ मध्ये मूळ मुद्रणेही विकत घेतली. असे सामर्थ्य फारच थोड्या कलावंतांकडे असते. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने १९७८ नंतरची हस्तांतरणे ३५ वर्षांनी रद्द करण्याचा हक्क कर्त्यांना दिला आहे. ध्वनिमुद्रणांना तो कितपत लागू होतो, याविषयी कंपन्या व कलावंत यांच्यात वाद आहेत.

स्वतंत्र संस्थांनी बड्या कंपन्यांचे वर्चस्व संपविले नाही. त्यांनी शोधलेले कलावंत व पुष्कळदा त्या संस्थाही अखेर बड्या कंपन्यांकडेच गेल्या. परंतु नफ्याची निम्मी वाटणी, अल्प मुदतीचा परवाना, मूळ मुद्रणाची कलावंताकडील मालकी व खुला हिशेब या गोष्टी व्यवहार्य आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे बड्या कंपन्यांनाही यशस्वी कलावंतांशी असे करार करणे भाग पडू लागले. करारावर सही करणाऱ्या संगीतकारापुढे एकापेक्षा अधिक पर्याय असणे, हीच त्यांची सर्वांत टिकाऊ देणगी होय.